दाजी, हे कशावरून?

माझं आणि दाजींचं पहिल्यापासून पटलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. ताई लग्न करून फ्रँकफर्टला आली त्याला सतरा वर्षं झाली. मी फार नंतर आले, पीएच.डी.साठी, कायझर्सलाउटर्नला. तुटलेले धातूचे भाग मायक्रोस्कोपखाली धरून ते कशामुळे तुटले हे शोधायचं, असं माझं काम. कधी एखादा दांडा, कधी बोल्ट, कधी गिअरचा दात. या कामानं माणसाला एक वाईट खोड लागते. कुणी काही छातीठोकपणे सांगितलं की तोंडातून आपोआप निघतं, ‘कशावरून?’

दाजींना हा शब्द शिवीसारखा लागायचा.

ते एका बँकेत आयटीत आहेत. हुशार आहेत, हे मी नाकारत नाही. सोलापूरच्या एका वस्तीतून, गळक्या पत्र्याखाली अभ्यास करून इथवर आलेला माणूस. बुद्धजयंतीला आमची मंडळी एका भाड्याच्या हॉलमध्ये जमतात, तिथं वंदना झाली की माइक दाजींच्याच हातात जातो. लोक ऐकतात. ऐकून घेण्याची त्यांना सवय लागली, आणि युक्रेनचं युद्ध सुरू झालं तशी ती सवय घरातही आली. महिन्यातून एकदा मी ताईकडे जेवायला जायची. ताटात भाकरी आणि शेंगाची चटणी, समोर दाजी, आणि दाजींच्या हातात फोन.

“हे युद्ध कुणी लावलं माहितीय?” ते विचारायचे. उत्तराची वाट कधी बघायचे नाहीत. एका महिन्यात ते गॅसच्या पाइपलाइनसाठी झालेलं असायचं, पुढच्या महिन्यात शस्त्रं विकणाऱ्यांनी लावलेलं, त्याच्या पुढच्या महिन्यात एका गुप्त बैठकीत ठरलेलं.

“बैठकीत कोण होतं?” मी विचारलं.

“तेच तर बाहेर येऊ देत नाहीत.”

“मग तुमच्यापर्यंत कसं आलं?”

“तू पेपर वाचतेस,” दाजी म्हणाले. “मी पेपरच्या मागचं वाचतो.”

ताई मला टेबलाखालून पाय मारायची.

इथं माझीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दाजी ती आजही सगळ्यांना सांगतात. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात मी आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. बाँब पडलेली शाळा, भिंत कोसळलेली, बाकं धुळीत. खाली मी चार संतापाच्या ओळी लिहिल्या होत्या. दोन दिवसांनी दाजींनी त्याच ग्रुपवर दाखवून दिलं, की फोटो कितीतरी वर्षांपूर्वीचा आहे आणि दुसऱ्याच देशातल्या युद्धातला आहे. त्यांचं बरोबर होतं. मी तपासून बघितलं, आणि मग गुपचूप फोटो डिलीट केला. चुकलं म्हणाले नाही. दाजींनी स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवला होता.

तर असं आमचं चाललेलं. ते मला आगाऊ म्हणायचे, मी त्यांना मनातल्या मनात बरंच काही.

एका नोव्हेंबरात शनिवारी गेले तेव्हा भाची हॉलमध्ये लॅपटॉप मांडून बसली होती. तेव्हा ती नववीत होती. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. इतिहासाच्या तासाला तिला पहिल्या महायुद्धाच्या कारणांवर रेफेराट द्यायचा होता, म्हणजे वर्गासमोर उभं राहून वीस मिनिटं बोलायचं. दाजी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. बऱ्याच दिवसांनी बापलेक एवढे जवळ बसलेले मी बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

“मावशी, बघ ना,” एवढं ती मराठीत म्हणाली.

पहिल्या चार-पाच स्लाइड चांगल्या होत्या. कुठल्या देशाचा कुणाशी करार, कुणाची कुणाला भीती, आरमाराची चढाओढ, राजपुत्राची हत्या. मग एक स्लाइड आली काळी, तिच्यावर पिवळट कागदाचं चित्र आणि वळणदार अक्षर. युद्धाच्या आधी कुणा बड्या सावकारानं दुसऱ्याला लिहिलेलं पत्र, असं खाली दिलं होतं. मतलब असा, की मूठभर बँकवाल्या घराण्यांनी हे युद्ध आधीच ठरवून ठेवलंय आणि राजे-मंत्री नुसती प्यादी आहेत.

“हे पत्र कुठं ठेवलंय?” मी विचारलं.

भाचीनं वडिलांकडे बघितलं.

“ठेवलंय म्हणजे?” दाजी म्हणाले.

“म्हणजे कुठल्या संग्रहात? मूळ कागद कुणी बघितलाय? तारीख नाही, कुठल्या गावाहून लिहिलं ते नाही.”

“मूळ कागद जाळला. असलं पत्र कोण ठेवेल?”

“जाळला तर हे चित्र कशाचं?”

दाजींनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, “कॉपी असेल. आणि ऐक, पुरावा सापडत नाही हाच मोठा पुरावा असतो. कुणीतरी तो नाहीसा केलाय, याचा.”

“मग कुणावरही काहीही लावता येईल, दाजी. उद्या तुमच्यावर लावलं तर?”

“लाव की!” त्यांचा आवाज चढला. “तूच शिकव आता मला पुरावा! कोसळलेल्या शाळेचा फोटो कुणी टाकला होता गं? तेव्हा कुठं गेला होता तुझा मायक्रोस्कोप?”

भाची खाली मान घालून हसली. मला ते हसू फार लागलं. स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, “अहो, आधी जेवून घ्या सगळे.” आणि मी गप्प बसले. पत्र खोटं आहे याबद्दल माझी जवळजवळ खात्री होती, दहा मिनिटं बसले असते तर त्याचा उगम शोधता आला असता. पण परत तो फोटो निघेल म्हणून मी भाकरी मोडली आणि ताईच्या चटणीचं कौतुक करत राहिले. आणखी एक गोष्ट कबूल करते. मला तेव्हा एवढंच दिसलं होतं, की पत्राला ठावठिकाणा नाही. ते कुणाकडे बोट दाखवतंय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

दोन आठवड्यांनी ताईचा फोन आला. शाळेनं आईवडिलांना बोलावलं होतं. “तू ये,” ती म्हणाली. “माझं जर्मन तिथं पुरायचं नाही. आणि ह्यांचं तर तुला माहीतच आहे, ऑफिसात सगळं इंग्रजीवर भागतं. शिवाय हे चिडले म्हणजे…” तिनं वाक्य पूर्ण केलं नाही.

दाजींना मी यायला नकोच होते. शाळेच्या फाटकापाशी भेटले तेव्हा त्यांनी मला नमस्कारसुद्धा केला नाही. फाटकासमोरच्या फुटपाथवर पितळेचे छोटे चौकोन बसवलेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या घरांतून धरून नेलेल्या ज्यू माणसांची नावं त्यांवर कोरलेली आहेत. अशा शेकडो चौकोनांवरून आम्ही रोज चालतो. दाजींचा बूट त्यातल्याच एकावर होता. त्यांना दिसलं नाही, आणि त्या वेळी मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

इतिहासाच्या बाई साठीला टेकलेल्या, केस आखूड कापलेले. त्यांनी बसायला सांगितलं, पाणीबिणी काही विचारलं नाही. भाची एका कडेला बसली होती, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून. बाईंनी त्या काळ्या स्लाइडचा छापलेला कागद टेबलावर ठेवला आणि, आम्ही बहिरे असल्यासारख्या, एकेक शब्द तोडून बोलायला लागल्या. मी ताईसाठी हळू आवाजात मराठीत सांगत गेले.

“हे पत्र कुणी लिहिलं? कधी? कुणासाठी?” त्या म्हणाल्या. “कुठलाही कागद हातात आला की हे तीन प्रश्न विचारायचे, हे आम्ही वर्गात शिकवतो. या कागदाला एकाचंही उत्तर नाही. मी शोधलं. युद्धाआधीच्या कुठल्याच कागदपत्रांत हे पत्र नाही. हा देश युद्ध हरल्यावर, कित्येक वर्षांनी, ते एका पत्रकात पहिल्यांदा छापलं गेलं. ज्यांनी छापलं त्यांना हरण्याचा दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. आणि बँकवाली घराणी म्हणजे त्यांच्या भाषेत कोण, हे या देशात समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही आत येताना त्यांच्या नावांवरून चालत आलात.”

मला फाटकासमोरच्या त्या पितळी चौकोनांवरची ज्यू नावं आठवली. मी ते वाक्य मराठीत केलं तेव्हा ताईनं तोंडावर हात ठेवला. दाजी कागदाकडे बघत राहिले.

मग बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, “तुमच्याकडे, भारतात, हे असंच शिकवतात का?”

हे दाजींनाही कळलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुतेक शेवटचं, मी आणि दाजी एका बाजूला होतो. मी म्हणाले, “हे कशावरून म्हणता आपण? मुलगी इथं जन्मली. पत्र इथं छापलं गेलं, हे आताच आपण सांगितलंत. मग भारत कुठून आला?”

बाईंनी चष्मा परत घातला. मग म्हणाल्या, “गेनाऊ. बरोबर आहे तुमचं. मी तसं म्हणायला नको होतं.” पण आवाज काही मऊ झाला नाही. त्या भाचीकडे वळल्या. “हे तू कुठून घेतलंस?”

“इंटरनेटवरून,” भाची म्हणाली. “मी एकटीनं शोधलं.”

मी दाजींकडे बघितलं. हा प्रश्न आणि हे उत्तर समजायला त्यांचं जर्मन पुरेसं होतं. त्यांनी घड्याळाचा पट्टा नीट केला.

“एकटीनं?” बाईंनी पुन्हा विचारलं. “कारण हे प्रकरण मला मुख्याध्यापकांकडे न्यायचं की नाही, ते त्यावर ठरेल.”

“हो. एकटीनं.”

“दाजी, बोला,” मी मराठीत म्हणाले.

त्यांनी घड्याळात बघितलं.

“दाजी, पोरगी तुमच्यासाठी खोटं बोलतेय. बोला काहीतरी.”

“तू मध्ये पडू नकोस,” ते दातांतून म्हणाले.

मग मीच जर्मनमध्ये सांगितलं. पत्र तिच्या वडिलांनी दिलं. मी ते आधी बघितलं होतं, ते संशयास्पद आहे हे मला कळलं होतं, आणि तरी मी गप्प राहिले. भाचीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या थोबाडीत मारली होती. बाईंनी हे सगळं लिहून घेतलं. मुख्याध्यापकांकडे काही जाणार नाही, म्हणाल्या. मात्र पोरीला नवं काम दिलं. हे पत्र कुठून आलं, कसं पसरलं आणि लोकांनी त्यावर विश्वास का ठेवला, ते शोधून लिहायचं.

यू-बानच्या, म्हणजे मेट्रोच्या, प्लॅटफॉर्मवर दाजी फुटले. चार माणसं वळून बघायला लागली, पण त्यांना पर्वा नव्हती.

“परक्या बाईसमोर माझी अब्रू काढलीस! माझ्याच पोरीसमोर!”

“अब्रू तुम्हीच काढलीत. पोरगी तुम्हाला वाचवत होती आणि तुम्ही घड्याळ बघत होतात.”

“एक पत्र चुकलं असेल. म्हणून मुद्दा चुकत नाही. युद्ध पैसेवालेच लावतात.”

“युद्धात पैसा कुणी कमावला, हे शोधता येतं, दाजी. कमावला म्हणून त्यांनीच लावलं, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. आणि एका अख्ख्या समाजाकडे बोट दाखवायचं असेल तर…” मला धाप लागली होती. “गावात रोगराई आली की कुणावर ढकलायचे? विहीर कुणी बाटवली म्हणायचे? आपल्याच लोकांवर ना? कुणी विचारलं होतं का तेव्हा, कशावरून? तुमच्या आज्याला विचारलं होतं?”

ताईचा चेहरा पांढरा पडला. दाजींच्या आजोबांना गावानं कसं हाकललं, ही गोष्ट त्यांच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. मला ती ताईनंच विश्वासानं सांगितलेली. मला ती वापरायची नव्हती. पण खोटं का बोलू, वापरली तेव्हा मला बरं वाटलं.

“माझ्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही,” दाजी अगदी हळू म्हणाले. गाडी आली, तिघं चढले. भाचीनं मागं वळून जर्मनमध्ये म्हटलं, “तुम्हा दोघांना फक्त जिंकायचं असतं.” दारं मिटली.

पुढं जे झालं ते मला अजून जड जातं. आठवड्याभरात आमच्या मंडळींत गोष्ट पसरली, की शाळेकडे तक्रार मीच केली. मेहुण्याचं भलं बघवत नाही म्हणून मीच बाईंना ईमेल पाठवला. मी पाठवला नव्हता. तसला ईमेल कुणी बघितलेला नव्हता. पण ज्या बायका मला दर बुद्धजयंतीला पहिल्या रांगेत जागा धरून ठेवायच्या, त्यातल्या एकीनं माझ्या मेसेजला उत्तर देणं थांबवलं, दुसरीनं नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला. खरं काय ते ताईला ठाऊक होतं. मी तिला फोन करून म्हणाले, “तू सांग ना त्यांना.” ती म्हणाली, “मला ह्याच घरात राहायचंय गं.” तीन महिने मी तिला परत फोन केला नाही.

जानेवारीत भाचीचा मेसेज आला. नमस्कार नाही, मावशी नाही. तिच्या लेखनासाठी तिनं काही प्रश्न तयार केले होते आणि ते ती दोन माणसांना विचारणार होती, वडिलांना आणि मला. फोटो तुला कुणी पाठवला? टाकण्यापूर्वी किती वेळ बघितलास? खोटा आहे कळल्यावर कुणाकुणाला सांगितलंस? नसेल सांगितलं तर का?

मी लॅबमध्ये बसून ते चार प्रश्न वाचले. राग आला. कार्टी मला आणि दाजींना एकाच रांगेत उभं करतेय! माझ्या फोटोनं कुणावर आळ घेतला नव्हता, शहरं खरोखरच बेचिराख होत होती. मी तसं लिहायला घेतलं. लिहिता लिहिता लक्षात आलं, की दाजीही हेच म्हणाले होते प्लॅटफॉर्मवर. एक पत्र चुकलं असेल, म्हणून मुद्दा चुकत नाही. मी ते पुसलं. मग लिहिलं, की फोटो एका मैत्रिणीनं पाठवला, तिला कुणी पाठवला ते मी विचारलं नाही. मी तो जेमतेम बघितला. तो खरा असावा असं मला वाटत होतं, म्हणून तपासला नाही. खोटा निघाल्यावर कुणालाही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दाजी बरोबर ठरले असते.

तिचं उत्तर आलं, “ओके. डांके.” नुसते कोरडे आभार.

दाजींनी तिच्या प्रश्नांना उत्तर दिलं नाही. तिनं तसंच लिहिलं, ‘वडिलांनी उत्तर दिलं नाही,’ आणि पुढं गेली. पत्राचा माग काढत ती एका जुन्या पत्रकापर्यंत पोचली. ग्रंथालयात जाऊन तिनं त्याचा फोटो काढला, आणि इंटरनेटवरच्या डझनभर साइट एकमेकींचाच हवाला कशा देतात त्याचा तक्ता केला. बाईंनी तिला दोन नंबरचा ग्रेड दिला, इथं तो चांगला समजतात. हे सगळं मला ताईकडून कळलं, कारण मार्चमधल्या एका रविवारी ताई भाचीला घेऊन कायझर्सलाउटर्नला आली. दाजींना काय सांगून आली, ते मी विचारलं नाही.

भाची माझ्या खोलीत कानात हेडफोन घालून बसली. तिचं माझ्याशी बोलणं अजून कामापुरतंच. मी पोहे केले, ताई ओट्याशी उभी राहून कोथिंबीर चिरत होती. अचानक तिनं विचारलं, “पण खरं सांग. ते युक्रेनचं युद्ध झालं कशामुळं?”

मी सांगायला लागले. सैन्य कुणी सीमेपलीकडं नेलं, याबद्दल वाद नाही, ते सगळ्या जगानं बघितलंय, आणि त्याची जबाबदारी नेणाऱ्यावर आहे. पण का नेलं, याची उत्तरं वेगवेगळी आहेत. नेणारे स्वतः एक कारण सांगतात, ते खरंच असेल असं नाही. दुसरे जुने करार आणि जुनी भीती दाखवतात. काही गोष्टींचे कागद आहेत, ते वाचता येतात. बंद खोलीत एका माणसाच्या मनात काय होतं त्याचे कागद अजून बाहेर आलेले नाहीत, कदाचित आपल्या हयातीत येणारही नाहीत. ताई मन लावून ऐकत होती.

“म्हणजे तुलाही पक्कं ठाऊक नाही,” ती म्हणाली.

“सगळं नाही.”

“आणि ह्यांनाही नाही.”

“नाही.”

तिनं सुरी खाली ठेवली. “मग तुम्ही दोघांनी मिळून माझं घर का फोडलंत?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि तिला ते नको होतं, हे मला दिसत होतं. मी गॅस बंद केला, भाचीला हाक मारली. तिघींनी पोहे खाल्ले. चारच्या गाडीनं त्या गेल्या.

दाजींशी बोलणं आजतागायत नाही. यंदाच्या बुद्धजयंतीला मी हॉलमध्ये गेले, मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. वंदना झाली, माइक दाजींच्या हातात गेला, आणि त्यांनी जगात पुढचं युद्ध कोण लावणार आहे ते सांगायला सुरुवात केली. मी हात वर केला. त्यांनी मला बघितलं, आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून बोलत राहिले. मी हात खाली घेतला नाही.